वांगं पोरीच्या घरी, आन मी खानावळीत

...आन वरून लोक इचारतात, "काय शेषराव, समुद्रकाठी जाऊन आले, मजा केली असन?" मजा? कायची मजा राजेहो? तुमाले सांगतो, वावरात वांगे लगडून राहिले, घरी ज्वारीच्या कोठ्या भरेल, आन असा मी मानूस तठी अलिबागेत खानावळीच्या पाटावर बसेल, ताटात एक मासोळी, तिचे डोळे उघडे, ती माह्याकडं पाहून राहिली, मी तिच्याकडं पाहून राहिलो, आन दोघाच्याबी मनात एकच, की बाप्पा, आपल्याले अठी आनलं कोनं?

मले आनलं डाक्तरनं. पावसाळा सरता सरता हिवताप आला मले, असा की माह्यासंग खाट बी हुडहुडे. ताप गेला, पन अंगात जीव नाही. डाक्तर पुन्याकडचा, बोलनं मोठं नाजूक, "शेषराव, तुम्हाला हवापालट हवा. पंधरा दिवस समुद्राची हवा खा." म्हतलं, साहेब, हवा खाईन, पन जेवाचं काय? तो हसला. त्याले वाटलं मी गंमत करून राहिलो. अरे बावा, गंमत नव्हती ते, खरं दुखनं तेच होतं.

आता तुमी म्हनसान, शेषराव, तुमची पोरगी हाये ना अलिबागेत? हाये ना. शकुन. जवाई गोवर्धनराव मूळचे बडनेऱ्याचे, पन सरकारच्या मिठाच्या खात्यात कारकून, बदली झाली ते थेट समुद्राच्या काठावर. म्हंजे राहाची सोय झाली. खाट हाये, अंगन हाये, हवा त फुकट. पन घास? घास नाही. आमच्यात रीत हाये, पोरगी देल्ली का तिले लेकरू होईपर्यंत मायबापानं तिच्या घरचं खायाचं नाही. झोपा, बसा, गोठी करा, पन पोरीच्या घरचं पानी बी चालत नाही. आन शकुनच्या लग्नाले चार वर्सं झाले, पाळना अजून हालला नाही. ते काय कोनाच्या हातची गोठ हाये का?

निघताना तिची माय, आमची पार्बताबाई, तिनं टोपलंभर वांगे बांधून देल्ले, ज्वारीचं पीठ देल्लं, मिरच्या देल्ल्या... द्याले चालते बरं, फक्त घ्याले चालत नाही... आन टांग्यात बसता बसता मले सांगतलं, "अवो, हवा पालटा, पन रीत पालटू नका." म्हतलं, नाही पालटत. आगगाडी झाली, मंग बोट झाली, बोटीत पोटातलं होतं नव्हतं ते सारं समुद्राले वाहिलं, आन पोरीच्या दारात उभा राहिलो तवा पोट असं कोरं, की भिंत दाखवली असती त भिंत खाल्ली असती.

शकुननं पानी आनलं. पाय धुवाले. पायाले चालते, घशाले चालत नाही. तहान लागली का माह्या हातात तांब्या, पायात चप्पल, आन रस्त्यावरच्या सरकारी नळापर्यंत वारी... लोक पाह्यत, की ह्या म्हाताऱ्याले घरात पानी देत नाहीत वाटते. काय सांगता त्याईले? पोरीच्या घरचं पानी बी चालत नाही!

बरं, पानी सोडा. संध्याकाळी पोरगी म्हने, "बाबा, वांगे आपल्याच वावरातले ना? मंग भरीतच करते." आन चुलीत वांगं ठेवलं. राजेहो, तुमाले त्या वासाचं सांगाव लागते का? कातडी तडतडून राहिली, धूर अंगनात येऊन राहिला, आन मी अंगनात बसून समुद्राची हवा खाऊन राहिलो. मी मनातल्या मनात वकिली केली. वांगं माहं. पीठ माहं. पोरगी माही. मंग ह्याच्यात जवायाचं काय हाये? पन चुलीतला इस्तो जवायाचा, तेल जवायाचं, आन मीठ त बाप्पा, जवाई मिठाच्याच खात्यात, खटला तठीच हरलो. आन जवाईबापू माह्यासमोर भरीत हानून राहिले, वरून म्हनतात, "मामाजी, लय झकास झालं हो." बरं झालं बापा. खा.

शकुननं माह्यासाठीबी एक ताट वाढेल होतं. झाकून ठेवेल. म्हने, "बाबा, एक घास. अठी कोन पाह्यते?" मी म्हतलं, "नको पोरी." बस, एवढंच म्हतलं. तिनं ताट उचललं आन पाठ फिरवली, आन मंग मले समजलं, की मी "नको" म्हनतो जेवनाले, पन तिले ऐकू येते वेगळंच. शेजारनी बोलून राहिल्या, सासूचं बोलून झालं, आता बाप बी रोज दोन टाईम सांगून राहिला, की पोरी, तुह्या घरी अजून लेकरू नाही. लय वाईट वाटलं. पन करता काय? अकोल्यात तिच्या मायले तोंड दाखवाव लागते.

मंग निघालो खानावळ पाह्याले. मासोळी नसेल अशी एकच होती गावात. तिच्या दारावर पाटी, 'फक्त ब्राह्मणांसाठी'. मी म्हतलं, इचारून त पाहू. मालक बाहेर आला, "आपण कोण?" म्हतलं, माळी. "वांगी विकायला आलात का? मग मागच्या दारानं या." म्हंजे माहं वांगं आत जाऊ शकते, मी नाही! वा रे वा. पोरीच्या घरीबी तेच, अठीबी तेच. वांगं होऊन जन्माले आलो असतो त जेवलो असतो.

उरल्या त्या साऱ्या मासोळीच्या. आता मी काही मांस न खानारा मानूस नाही, बोकड खातो, चांगला खातो. पन बोकडाचं हाडूक हातात येते हो, घशात नाही जात. पहिल्या खानावळीत बांगडा वाढला, तोच तो, डोळे उघडे ठेवनारा. मी घास तोंडात टाकू आन जिभेनं काटे शोधू, जसा काही कापसातली सरकी निवडून राहिलो. मालक गोठी कराले बसला, "काका, गाव कुठलं?" म्हतलं, अकोला, वऱ्हाड. "म्हणजे तुम्ही निजामाचे की इंग्रजांचे?" आता ह्याले काय सांगू? घशात काटा. म्हतलं, बावा, मालकी निजामाची, राज इंग्रजाचं, कारभार नागपूरचा, आन वांगे आमचे. तो बिचारा इचारात पडला, आन मी काटा काढाले अंगनात गेलो.

दुसऱ्या खानावळीत गेलो त ताटात दगडं. खरंच सांगतो, दगडं! "तिसऱ्या आहेत," म्हने. पहिली कुठी हाये, दुसरी कुठी हाये, मी इचारलं बी नाही, एक उचलली आन दाताखाली धरली. माही दाढ अजून हालून राहिली. मंग समजलं ते शिंपले होते, उघडून आतलं खायाचं, आन आतलं केवढं? गहूभर! त्याच्यासंग भात, आन भातासंग गुलाबी पानी. मले वाटलं रंगपंचमीचं उरलं असन. तिसरे दिवशी खेकडा आला. अहो, आमच्याकडं खेकडा बांधावर दिसला त आमी त्याले वाट देतो, आन अठी त्याले ताटात देतात. मी हात जोडले, उठलो. घरी आलो त दारातच वास... भरीत. टोपल्यातले वांगे सरून नाही राहिले, आन जवाई थकून नाही राहिले. शकुन इचारते, "बाबा, जेवले?" म्हतलं, जेवलो. "पोट भरलं?" म्हतलं, भरलं. आन पोट अंदरून कुत्र्यासारखं केकाटून राहिलं, तिले ऐकू गेलं असन, पोरगीच ते. पन पोरीच्या घरचं पानी बी चालत नाही, त भरीत कसं चालन?

मंग तिसरी खानावळ. एक काकू चालवत, बंदराच्या वाटेवर, आवाज असा की होडीतल्या मानसाले जेवाले हाक मारन. तठी पाटी वाचली, 'बोंबील'. माहा जीव हारखला. बोंबील मले मालूम हाये हो! आपल्या बाजारात सुकटवाल्यापाशी येते ना, लाकडासारखा, मोडला का कडकन वाजते. म्हतलं, काकू, बोंबील आना. आनला. राजेहो, ते काय होतं? ढिल्लं, पांढरं, लदलद, उचललं का बोटातून खाली. म्हतलं, "काकू, हा भिजला. ह्याले दोन दिस उन्हात घाला, मी परवा येतो." सारी खानावळ हसली. कोळी हसले, कारकून हसले, एक मानूस त ठसका लागून बाहेर गेला. काकू कंबरेवर हात ठेवून म्हनतात, "काका, बोंबील असाच असतो. तुमच्याकडं वाळून जातो तो मेलेला बोंबील." म्हंजे जन्मभर मी मड्यावरच ताव मारला म्हना! उपाशी उठलो. काकू पाह्यतच राहिल्या. म्हने, "कुठं उतरलात?" म्हतलं, मिठाच्या खात्यातले गोवर्धनराव, त्याईचा सासरा. "मग घरी का नाही जेवत?" सांगतली रीत. काकू म्हने, "उद्या या. याच." पहिल्यांदा हळू आवाजात ऐकलं त्या बाईले.

दुसऱ्या दिवशी गेलो. कुठी जाईन नाहीतर? बसलो, डोळे मिटले, म्हतलं, येऊ दे काय यायाचं ते. ताट आलं. डोळे उघडले त ताटात भरीत. पातीचा कांदा, अख्खे शेंगदाने, वरून कच्चं तेल, बाजूले ठेचा, आन ज्वारीची भाकर. ज्वारीची! अलिबागेत! मी काकूकडं पाह्यलं. काकू भिंतीकडं पाहून म्हनतात, "आज मासळी नाही. समुद्रात वादळ आहे. होड्या गेल्या नाहीत." मी दारातून बाहेर पाह्यलं. समुद्र परातीतल्या पान्यासारखा सपाट, नारळाचं पान हालत नाही, आन होड्या येऊन बायका मासोळीच्या टोपल्या उतरवून राहिल्या. म्हतलं, हो काकू, लय वादळ हाये.

पहिला घास घेतला आन राजेहो, चव वळखली मी. ही पार्बताबाईची रीत हो, मिरची भाजून कुटाची, चिराची नाही. आन भाकर एका कडेनं जळेल. लहानपनापासून शकुनची भाकर डाव्या कडेनं जळते, माय ओरडे, मी म्हनो, राहू दे, मले तशीच आवडते. मी काही इचारलं नाही. काहून इचारू? खानावळीत बसेल हाये, काकूनं वाढेल हाये, त्याईच्या हातावर जेवनाचे पैसे ठेवले, म्हंजे इकतचं झालं का नाही? रीत जिथल्या तिथी! दुसरी भाकर मांगतली. काकू आत गेल्या, आन आतून हळूच आवाज आला, "आवडलं का हो त्याईले?"

मले रडू येऊन राहिलं. पन बाप हाये ना मी. म्हतलं मोठ्यानं, आत ऐकू जाईन असं, "काकू, भरीत झकास. भाकर मात्र एका कडेनं जळली." आत कोनीतरी हसलं.

घरी गेलो त पोरगी माह्या आधी येऊन चुलीपाशी बसेल, कपाळावर घाम. "बाबा, जेवले?" म्हतलं, जेवलो. "काय होतं?" म्हतलं, मासोळी. "कशी होती?" मी म्हतलं, "काटे नव्हते."

तवापासून, तुमाले सांगतो, अलिबागेत रोज वादळ. आठ दिस, दोन टाईम. एक दिस वादळात भरली वांगी आली, एक दिस पिठलं आलं. कोळी माह्या बाजूले बसून ताज्या मासोळ्या खाऊन राहिले, आन काकू मले सांगून राहिल्या, "काय करणार काका, होडीच गेली नाही." निघाच्या दिवशी शकुन पाया पडली. म्हने, "बाबा, मासोळी मानवली ना?" म्हतलं, "पोरी, जन्मात अशी नाही खाल्ली." नळावर जाऊन पानी प्यालो.

अकोल्यात आलो. जठारपेठेत घर, ओसरीवर पार्बताबाई मेथी निसत बसेल. वरून खाली पाह्यलं मले. "भरले की हो. मासोळी मानवली म्हना." म्हतलं, हो. "कशी लागते?" आता तुमी सांगा, खोटं बोलाव त किती बोलाव? मी आपलं सांगत गेलो, की मऊ लागते, पातीचा कांदा घालतात, शेंगदाने घालतात, संग भाकर देतात, एका कडेनं जळेल... बोललो आन जीभ चावली. तिचा हात मेथीतच थांबला. "कोन्या कडेनं?" म्हतलं, "डाव्या."

मेथी बाजूले सारली. पदरानं डोळे पुसले, उठली, आत गेली, आन लुगडी ठेवाची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हने, "मले बी हिवताप आल्यासारखा वाटते. हवा पालटाव लागन." म्हतलं, आन रीत? त मलेच डाफरली, "रीत कोन मोडून राहिलं? मी का पोरीच्या घरी जेवाले चालली? मी मासोळी खायाले चालली." पार्बताबाई! जिनं जन्मात मासोळी तोंडात घातली नाही!

गेली बापा. महिना होऊन गेला. वावरात वांगे पिवळे पडून राहिले, भाजून द्याले घरी कोनी नाही, आन मी दोन टाईम सूर्यभानच्या खानावळीत, तो पूर्णा नदीची मासोळी वाढते, त्याले कोनं सांगतलं की शेषरावले लय आवडते म्हनून. परवा पार्बताबाईचा निरोप आला, की इतक्यात येनं होत नाही, तिकडं वादळ लय हाये, बोटी बंद हायेत. आता वादळच हाये म्हनल्यावर... काय करता?