खोंड, मामा आन मागच्या टायरची हवा

हसू नका, पण टायरमधल्या हवेवरनं माझ्या मामांचं आन माझं म्हसवडला लय वाजलं. मामांनी बाजारातनं खोंड घेतला हुता, माझ्या पिकअपमधनं आष्ट्याला न्यायचा. निघायच्या आधी, टायर गार असतानाच, मी पंपावर गाडीच्या दाराच्या स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा बघून हवा भरली. चहा पिऊन येतोय, तर मामा मागच्या चाकाशी बसून काडीनं हवा सोडत्यात!

"आवं मामा, काय करताय?"

"मऊ करतोय. खोंडाला दणकं बसत्यात."

"हायवेला वजन घेऊन मऊ टायर तापतंय आन फुटतंय. मग खोंडासकट आपुन पालथं!"

"खोंड माझा हाय."

"गाडी माझी हाय. पुन्यांदा हवा भरल्याबिगर हालणार न्हाई."

मी परत भरली. मामा बी हट्टाला पेटलं. "भर. मी मागं खोंडाजवळच बसतो. त्याला दणका बसला तर मला कळंल."

आन खरंच, आष्ट्यापतोर मागंच बसलं.

मामांच्या घरापुढं गाडीचा मागचा फळका उघडला. खोंड टुणकन उडी मारून थेट वैरणीला लागला. मामांना दोघांनी धरून उतरवलं.

मी इचारलं, "मामा, बसलं का दणकं?"

कमरेवर हात ठेवून मामा म्हणलं, "खोंडाला न्हाई."