ह्यांच्या झोपेचा फोटो

…आणि वर सूनबाई मलाच सांगते, "आई, हळू बोला, बाबा कामावर आहेत." कामावर म्हणे. तोंड उघडं, एक पाय गादीच्या बाहेर, आणि हा माणूस कामावर. तुम्हाला सांगते, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ह्यांना दुपारचं उभं मी पाहिलेलं नाही. आमचं गाद्यांचं दुकान. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीने झोडून सारखा करायचा, मग ही एवढी लांब सुई घेऊन टाके घालायचे. भरेपर्यंत हे असतात, नाही म्हणत नाही मी. टाके माझ्याकडे. आणि शेवटचा टाका पडला रे पडला की हे त्या गादीवर आडवे. विचारलं तर काय म्हणतात? "माल तपासतोय."

आता एक माल तपासायला संध्याकाळ होते का हो? आणि घोरणं असं, की समोरचा इस्त्रीवाला एकदा रस्ता ओलांडून आला, "वहिनी, ते कापूस पिंजायचं यंत्र जरा बंद करा ना." मी म्हटलं, भाऊ, यंत्र सकाळीच बंद झालं, हे सासूबाईंनी दिलेलं यंत्र आहे, याला बटण नाही.

तर दुकान चालेना. लोकांना आता फोम पाहिजे. खोक्यात गुंडाळून येतो, खोकं उघडलं की जावयासारखा फुगतो. मुलगा म्हणाला, "आई, थंडी संपेपर्यंत बघू, नाहीतर पुढची खोली फोमवाल्याला भाड्याने देऊन टाकू. तुलाही आराम." मला आराम. ज्या खोलीत बसून मी बोटांची चाळण करून घेतली, तिथे तो फोमवाला खुर्ची टाकून बसणार, आणि मी आतून त्याच्या गिऱ्हाइकांना पाणी नेऊन देणार. असला आराम मेल्यावर घेईन म्हटलं, तेव्हा तरी गादी माझी असेल.

मग सूनबाईने फोन काढला. त्यात म्हणे एक चित्रांचा बाजार असतो. तिथे कुणाला काही विचारायचं नाही, लिहायचं नाही. एखाद्या वस्तूवर फोन धरायचा, की तसल्याच दिसणाऱ्या हजार वस्तू समोर हजर. आवडलं ते चित्र जपून ठेवायचं, पाहिजे तर विकत घ्यायचं. "आई, आपल्या गाद्यांचे फोटो टाकू." टाक बाई. चांगली चादर झटकून, उजेडात, कोऱ्या गादीचा फोटो टाकला. मग तिने गंमत म्हणून त्याच गादीवर फोन धरला, बघू तरी आपण कुठे दिसतो ते. तर काय दिसलं? पावाचे तुकडे. मग संगमरवराच्या लाद्या. मग एक थडगं. आमच्या गादीचा पत्ताच नाही. मी म्हटलं, यंत्रालासुद्धा कळलंय दुकानाचं पुढे काय होणार ते.

दुसऱ्या दिवशी ती परत फोटो काढायला गेली तर गादीवर हे. "बाबा, जरा उठता का?" "माल तपासतोय." बिचारी नवी सून, सासऱ्याला उठवणार कशी? काढला तसाच. आणि तुम्हाला सांगते, तो फोटो असा पळाला, असा पळाला की विचारू नका. जगात ज्याला म्हणून झोप येत नाही तो आपल्या अंथरुणावर फोन धरतो, आणि यंत्र त्याच्यापुढे आमच्या ह्यांना नेऊन ठेवतं. कुठल्या कुठल्या बायकांनी ह्यांना जपून ठेवलं. ठेवा बापड्यांनो. मला इतक्या वर्षांत तशी इच्छा झाली नाही. फोन यायला लागले, "ती काकांच्या खालची गादी आहे का?" "काका काय शांत झोपलेत हो." शांत? फोटोत आवाज येत नाही म्हणून बरं.

मग एका लॉजवाल्या बाईंचा फोन आला. सगळ्या खोल्यांना गाद्या हव्यात. बाई मात्र पक्की. "कापूस दबतो, मला माहीत आहे. आठवडाभर त्याच गादीवर त्यांना झोपवा, आणि मग नवा फोटो दाखवा. गादीही तशीच हवी आणि झोपही." मी म्हटलं, एवढंच ना? आमच्याकडे पिकतंय ते.

आणि तिथेच घात झाला. हे मोठे झाले. दाढी करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून गादीवर यायला लागले. हात छातीवर, पाय जुळवलेले, डोळे घट्ट. सूनबाईने तो फोटो टाकला, तासाभरात माझ्या मावसबहिणीचा फोन, रडत होती. "ताई, कधी गेले गं?" म्हटलं, कुठे जातायत, इथेच आहेत, तेच तर दुखणं आहे.

झोप म्हणून येईना. सूनबाईने पडदे लावले, मुलाने पंख्याला तेल घातलं, गरम दूध झालं, घरात सगळे मांजरासारखे चालतायत, मीसुद्धा आठवडाभर तोंड मिटून. हे आपले टक्क जागे, आढ्याकडे बघतायत. म्हणे, "अगं, झोप अशी हुकमावर येते होय?" मी दुधाचा पेला उचलला, मनात म्हटलं, जन्मभर न बोलावता आली, तेव्हा नाही तुम्ही तिला विचारलंत.

शेवटच्या दिवशी दुपारी फोमवाला टेप घेऊन हजर. खोली मोजायला. मुलानेच बोलावला होता. मान खाली घालून म्हणाला, "आई, बाबा काही झोपत नाहीत." आणि माझा बांध फुटला. ह्यांच्या उशाशी बसले आणि सुरू झाले. म्हटलं, नको तेव्हा कुंभकर्ण आणि हवं तेव्हा तुमच्या डोळ्यांना काटे. गळक्या पत्र्यापासून धरलं, भिजलेल्या कापसावर आले, ह्यांच्या बहिणीच्या लग्नातला माझा अपमान काढला, तिथून सासूबाईंकडे वळले, आणि सासूबाईंचं नाव नीट तोंडातून निघतंय तोवर… घर्रर्र. पाय बाहेर, तोंड उघडं. सूनबाई कुजबुजली, "आई, थांबू नका." नाही थांबले. ती फोटो काढतेय आणि मी बोलतेय. फोमवाला टेप धरून तसाच उभा. जांभई दिली हो त्याने.

मी समजत होते, हा माणूस माझं ऐकत नाही. ऐकत होता. ऐकत होता म्हणूनच झोपत होता.

ऑर्डर आली. फोमवाला टेप गुंडाळून गेला, खोली राहिली, सुई माझ्याच हातात राहिली. परवा लॉजवाल्या बाईंचा फोन, "गाद्या उत्तम आहेत, तक्रार नाही. पण पाहुण्यांना काकांसारखी झोप लागत नाही हो. तुम्ही आणखी काही घालता का आत?" काय सांगू त्यांना? म्हटलं, नाही बाई, नुसता कापूस. फोटोत आवाज येत नाही म्हणून बरं.

चला, उठते. सूनबाईने पडदा सारलाय, हे भांग विस्कटून आडवे झालेत. नव्या उशांचा फोटो काढायचाय. मला शिव्या द्यायला बसायचंय.