जेवण बंद, डबा चालू

...नाही, मी काय म्हणते, पोरगी खेळते का डबा खेळतो? एवढंच सांगा मला! कारण गेले तीन महिने आमच्या घरात मुलीचं नाव कोणी घेत नाही, डब्याचं घेतात. डबा केवढा? पिंपाएवढा. आत पावडर, वर दंड फुगवलेल्या बाप्याचं चित्र, आणि पिणार कोण, तर माझी चौदा वर्षांची ज्युदो खेळणारी पोर, जिला वर्षभर एकच ध्यास, अठ्ठेचाळीस किलोच्या गटात जिंकायचं आणि मोठ्या संघात जायचं.

आता आमच्या ह्यांना खेळातलं काय कळतं? जिना चढायचा तर मधल्या मजल्यावर पाणी मागतात. पण दुकानदार म्हणाला, साहेब, महिन्याभरात ताकद दुप्पट... की झालं! सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, आणि चमचा कसला, चांगला वाटीएवढा. प्रशिक्षकबाई सांगून दमल्या, या वयात हे नको, नीट जेवू द्या तिला. तर हे मला म्हणतात, बाई जुन्या वळणाच्या आहेत. बाई सव्वीस वर्षांच्या!

मी शिवणकाम करते, तुम्हाला सांगते, वजनकाट्याच्या आधी मला कळलं. तिच्या शाळेच्या स्कर्टची कंबर दोनदा उसवून सोडली मी. ह्यांना म्हटलं, तर म्हणे, ताकद भरतेय. स्पर्धेला चार दिवस राहिले आणि काट्यावर उभी केली, तर एकोणपन्नास किलो चारशे ग्रॅम. भरली ना ताकद? मग ह्यांनी काय करावं? तिचं जेवण बंद केलं. आणि डबा? डबा चालू! का, तर म्हणे, "अगं, पावडर म्हणजे जेवण थोडंच आहे?" अहो, मग ते वजन काय वाऱ्यावर आलं? मी गुपचूप ताट वाढलं, तर पोरगीच मागे सरकली. नको आई, वजन वाढेल. आता पोरगी खेळते का डबा खेळतो, सांगा ना...

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तरीही तीनशे ग्रॅम जास्त. वजन घेणाऱ्यांनी अर्धा तास दिला. भर उकाड्यात दोन स्वेटर घालून ती हॉलभोवती धावतेय, मागून मी पाण्याची बाटली घेऊन धावतेय, जी तिला द्यायचीच नाही, आणि हे घड्याळ बघत, शाब्बास, शाब्बास! बसली एकदाची गटात. बरोब्बर अठ्ठेचाळीस. आणि मॅटवर? समोरच्या मुलीने कॉलर धरली आणि ही आडवी. अकरा सेकंद. वर्षाची मेहनत हो, अकरा सेकंद! रडलीसुद्धा नाही. कोपऱ्यात बसून एवढंच म्हणाली, "आई, मला भूक लागलीय गं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घरून आणलेलं सगळं तिच्यापुढे मांडलं, तशी खाली मान घालून खातच सुटली.

म्हटलं, आता तरी विचारा स्वतःला, पोरगी खेळते का डबा खेळतो. तर हे उठले, तडक जिंकलेल्या मुलीच्या आईकडे गेले आणि अगदी अदबीने विचारलं, मुलीला काय देता? ती माउली म्हणाली, काही नाही हो, आम्ही खातो तेच, पोटभर जेवते. मी मनात म्हटलं, चला, पडला एकदाचा डोक्यात प्रकाश! ह्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, परत येऊन माझ्या शेजारी बसले, मोठा सुस्कारा सोडला आणि हळूच म्हणाले,

"सांगत नाहीत गं. कंपनीचं नाव लपवतात लोक."