मुठीतली किल्ली

बायको : मग कोणत्या खिळ्याला लावू?

किल्लीवाला : काय?

बायको : आपल्या घराची किल्ली. गल्लीतलं माणूस बाहेरगावी निघालं की किल्ली तुमच्या या फळीवर ठेवून जातं ना? मीही ठेवते. ही घ्या.

किल्लीवाला : अगं, आपल्या घराची किल्ली आपल्याच दुकानात? मी कुठे जातोय? वरच तर राहतो. आणि ही बॅग कसली?

बायको : लेकीकडे चाललेय. नवव्या मजल्यावर. तिथे लिफ्टमध्ये तरी माणसं बोलतात.

किल्लीवाला : किती दिवस?

बायको : ते लिफ्टमधल्या माणसांवर आहे.

किल्लीवाला : चार वाजत आलेत. आत्ता गाईड पर्यटकांना घेऊन येईल. आपण संध्याकाळी बोलू.

बायको : हेच ते! चार वाजले की तुम्हाला कंठ फुटतो. वर आलात की नुसतं 'हं' आणि 'वाढ'. अहो, हेवा वाटतो मला त्या लोकांचा. सरळच सांगते, जळते मी त्यांच्यावर.

किल्लीवाला : पर्यटकांवर? दहा मिनिटं उभी राहतात ती माणसं आणि जातात.

बायको : त्या दहा मिनिटांत जेवढं बोलता, तेवढं माझ्याशी वर्षात बोलत नाही. तुमचं बरंय. गल्ली रिकामी झाली तरी रोज वीस जण येतात, वा वा करतात. माझं कोण उरलं? समोरची शिंपीण गेली. तिच्या खोल्या आता पर्यटकांना भाड्याने, दाराला आकडे दाबायचं कुलूप. रोज नवं कोणीतरी तिच्या खिडकीतून मला हात करतं आणि फोटो काढतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फ्रिजवर चिकटवायची चित्रं मिळतात. मीठ आणायला मी पूल ओलांडते.

किल्लीवाला : ते लोक आले नसते तर हे दुकानही बंद पडलं असतं. आकड्यांच्या कुलपाला किल्ली लागत नाही.

बायको : कळतं मला. म्हणून तर दोन वर्षं गप्प बसले. पण मंगळवारी मी आले होते.

किल्लीवाला : कुठे?

बायको : इथे. त्यांच्यात. लेकीचा गॉगल लावला, डोक्याला स्कार्फ बांधला आणि चौकात जाऊन गाईडच्या फेरीचं तिकीट काढलं.

किल्लीवाला : तिकीट काढून? स्वतःच्या नवऱ्याला बघायला?

बायको : दुसरी सोय कुठे ठेवलीत? म्हटलं, बघू तरी एवढं काय बोलतात. सगळ्यात मागे उभी राहिले. तुम्हीच म्हणालात, "मागच्या ताई, जरा पुढे या, तिथून दिसणार नाही."

किल्लीवाला : ती तू होतीस?

बायको : ताई! सत्तावीस वर्षं झाली लग्नाला!

किल्लीवाला : गॉगल होता ना पण...

बायको : हसू नका. मग तुम्ही फळीवरच्या एकेका किल्लीबद्दल सांगायला लागलात. ही शिंपिणीची, ही बँडवाल्यांची, महिन्याभरात येतो म्हणाले आणि न्यायला स्वतः कुणीच आलं नाही. छान सांगत होतात. मला कौतुकच वाटलं. आणि मग म्हणालात, "एक मुलगी आली होती. घराची किल्ली हरवली म्हणाली. किल्ली तिच्या उजव्या मुठीत होती. मला दिसत होती. मी काही बोललो नाही, हत्यारं उचलली आणि तिच्या मागे गेलो."

किल्लीवाला : म्हणजे तेही ऐकलंस तू.

बायको : अहो, तुम्हाला माहीत होतं?

किल्लीवाला : पहिल्यापासून. मुठीतून किल्लीचा दोरा लोंबत होता. लाल.

बायको : आणि मी इतकी वर्षं समजतेय की मी तुम्हाला बनवलं! मनातल्या मनात हसायचे मी. तुम्ही मात्र मला सोडून त्या टोपीवाल्या बाईला सांगितलंत. रडली ती. रुमाल काढून रडली. ते रडणं माझं होतं!

किल्लीवाला : तिला कुठे माहीत होतं, मुलगी कोण ते.

बायको : मला माहीत होतं ना! दुसऱ्याच्या घराची किल्ली तुम्ही मालकाशिवाय कुणाच्या हातात देत नाही. शिंपिणीचा सख्खा जावई आला होता, त्यालासुद्धा दिली नाहीत. मग माझी गोष्ट रोज चार वाजता कशी वाटत सुटता?

किल्लीवाला : तुला सांगायचा धीर झाला नाही. आधी वाटलं, सांगितलं तर लाजशील, पुन्हा यायची नाहीस. मग लग्न झालं. मग उशीरच होत गेला. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं गं. दुसऱ्या दिवशी ते समोर नसतं.

बायको : मी असते. तेच चुकलं माझं.

किल्लीवाला : आणखी एक आहे. ते त्यांना सांगितलेलं नाही.

बायको : काय?

किल्लीवाला : तुमच्या दाराचं कुलूप. एका मिनिटाचं काम होतं. मी पाऊण तास लावला.

बायको : मला वाटलं, कुलूपच अवघड आहे! शेजारून दोनदा पाणी आणून दिलं मी तुम्हाला.

किल्लीवाला : एका हाताने. दुसरी मूठ सोडली नाहीस.

बायको : हे का नाही सांगितलंत त्यांना?

किल्लीवाला : त्या कुलपाला पाऊण तास? धंद्याची अब्रू गेली असती.

बायको : खरंच कुणाला सांगितलं नाही?

किल्लीवाला : कुणालाच नाही.

बायको : लेकीला?

किल्लीवाला : तिलाही नाही.

बायको : आणा ती किल्ली इकडे. वर कुलूप घालून आलेय मी. आणि जेवताना 'हं' चालणार नाही, सांगून ठेवते.

किल्लीवाला : हं... म्हणजे, बरं.

(ती निघून जाते. थोड्या वेळाने गाईड दारात येते. तिच्या मागे पर्यटक.)

गाईड : काका, आलो आम्ही! आज बावीस जण आहेत. ती मुठीतल्या किल्लीची गोष्ट सांगा हं, वाटेत सगळ्यांना कबूल केलंय मी.

किल्लीवाला : ती आता नाही मिळायची.

गाईड : म्हणजे?

किल्लीवाला : मालकीण घेऊन गेली.

गाईड : कुठे गेली?

किल्लीवाला : वर. बॅग ठेवायला.