मुकं इंजिन

खाप्याहून नागपूरला निघालेल्या बसमध्ये हर्षाच्या पुढच्या सीटवर एक बाप आणि त्याची लेक बसली होती. हर्षाने पुस्तक उघडलं, पण पान काही उलटलं नाही.

"बाबा, आपल्या फोर-व्हील पिकअपले नवंच इंजिन बसवा. चिखलातून ओढते बी चांगलं, अन् चालू आहे का बंद, समजत बी नाही."

"म्हणूनच नको, कामिनी. मले जुन्यासारखंच पाहिजे."

"काहून पण? सारी गाडी हादरते त्यानं."

"हादरू दे. गाडी आवारात शिरली का तुही माय तवा ठेवते. मी हातपाय धुऊन येतो तवर भाकर तयार राहते."

"रागावू नका बाबा, पण आईले आता ऐकू येत नाही. तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"कधीचंच आलं."

"मंग गाडी आल्याचं तिले समजते कसं?"

"फळीवरच्या ताटल्या थरथरतात, तिकडं ध्यान राहते तिचं. अन् तिले वाटते, मले काहीच माहीत नाही."

बस नागपुरात सीताबर्डीला थांबली. उतरताना लेकीने बापाच्या हातातली पिशवी घेतली.

"चला, जुनंच पाहू. पण चांगलं हादरणारं पाहा, बाबा."