मांडीवर ठेवलेले हात

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे वडीलधारे दादासाहेब. व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका आणि पाहुणेमंडळी. पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या बाई आणि त्यांच्या थोरल्या भगिनी. माझे सहकारी, पालक, आणि ज्यांना माझा आवाज ऐकू येत नाही पण माझ्या चुका बरोब्बर दिसतात अशा माझ्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना नमस्कार.

बाईंची चाकाची खुर्ची वर चढवायला मी फळी टाकणार होतो. सुतारकाम शिकवणाऱ्याला काय अवघड आहे? पण बाईंनीच मान हलवली. त्यांना मुलांत बसायचं होतं. शेजारी उभ्या आमच्या धाकट्या मॅडम माझं बोलणं हातांनी मुलांना सांगताहेत. मी रागावून बोललो तरी त्या गोड करून सांगतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आणि हो, माझ्या डाव्या हातात पट्टा आहे. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आमचा म्हातारबा आहे आणि तो मघापासून बाईंच्या दिशेने ओढतोय. त्यामुळे भाषण वाकडंतिकडं झालं तर दोष अर्धा त्याला द्या. अरे हो, थांब की जरा!

पाहुण्यांना म्हातारबाची ओळख करून देतो. बाईंचे यजमान गेले, घर खायला उठलं, तेव्हा बाई भटक्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या आश्रमात गेल्या. हा तिथे कोपऱ्यात पडलेला. तोंडावरचे केस पिकलेले, एक कान फाटलेला आणि दोन्ही कानांनी ठार बहिरा. एका कुटुंबाने नेऊन परत आणून सोडला होता. का, तर म्हणे हाक मारली तरी येत नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गात तरी हाक मारल्यावर कोण येतं?" त्याच दिवशी त्याला रिक्षात घालून घरी आणला.

मी तेव्हा म्हणालो होतो, "बाई, या वयात हा काय शिकणार?" बाईंनी त्याला आपल्या मुलांची भाषा शिकवली. बोट खाली केलं की बस. मूठ तोंडाशी नेली की जेव. लक्ष वेधायचं असेल तर दिवा लावायचा-विझवायचा, जसा आपण वर्गात करतो. आणि दोन्ही हात वर करून हलवले की शाबास, ये माझ्याकडे! पाहुण्यांनो, आमच्या शाळेत टाळी अशीच असते. आवाजाची टाळी कोणासाठी वाजवायची?

आता यातली गंमत ऐका. स्नेहसंमेलनाला बाई त्याला घेऊन आल्या. बक्षीस जाहीर झालं आणि अख्ख्या सभागृहाने हात वर करून हलवले. म्हातारबाला वाटलं, सगळी दुनिया मलाच बोलावते आहे! बिचारा या रांगेतून त्या रांगेत धावला. कोणाकडे जावं कळेना. शेवटी भेदरून मधोमध उभा राहिला. इतक्या माणसांत एकट्या बाईंचेच हात खाली होते. बक्षीस बाईंच्याच वर्गाला होतं, स्वतःसाठी टाळ्या कशा द्यायच्या म्हणून त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हातारबा सरळ त्यांच्याकडे गेला आणि त्या हातांवर डोकं टेकून उभा राहिला. तेव्हापासून बाई हात मांडीवर ठेवून बसल्या की तो येणार, हे ठरूनच गेलं, आणि तो बाईंबरोबर रोज वर्गातही येऊ लागला.

मुलांनो, त्यानंतरचं तुम्ही पाहिलं आहे. वर्गात काहीतरी सांगता सांगता बाईंचा उजवा हात मध्येच थांबला. तुम्ही उरलेल्या वाक्याची वाट बघत बसलात. टेबलाखालून म्हातारबाही बघत होता.

अर्धांगाचा झटका सोसून बाई दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेलो. म्हातारबा समोर बसला होता. बाई डाव्या हाताने 'जेव' सांगू पाहत होत्या. पण त्याही हाताची मूठ वळेना. तो मान तिरकी करून बघायचा आणि नजर वळवायचा. बाईंची जीभही जड झाली होती. तरी मला म्हणाल्या, "मास्तर, मी मुकी झाले हो त्याच्यापुढे." मी उगाचच त्यांच्या खिडकीची कडी दुरुस्त करत बसलो.

आज संध्याकाळी बाई ताईंबरोबर त्यांच्या घरी जातील. ताई, तुम्ही डोळे पुसू नका. तुमच्या यजमानांना दमा आहे, घरात कुत्रं चालणार नाही, याला कोण काय करणार? बाईंनी म्हातारबा माझ्यावर सोपवला आहे. सवय व्हावी म्हणून गेले काही दिवस तो आमच्याकडेच आहे. मी हात मांडीवर ठेवून त्याच्यापुढे बसतो. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "लग्न झाल्यापासून तुम्हाला इतकं स्वस्थ बसलेलं पहिल्यांदा पाहतेय." तो माझ्याकडे बघतो, आणि दाराकडे तोंड करून झोपतो. परवा त्याने माझ्या हातून चार घास खाल्ले आणि मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू?

बाई, तुम्ही काळजी करू नका. तो माझा होईल की नाही, मला माहीत नाही. पण त्याला कोणी परत नेऊन सोडणार नाही, हा माझा शब्द आहे.

असो. फार लांबलं. बोलायची संधी दिलीत, दादासाहेब, आपला ऋणी आहे. मॅडम, तुमचे हात दुखले असतील, आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल तर या रंधा मारणाऱ्या माणसाला सांभाळून घ्या.

आता बाईंसाठी टाळ्या. सगळ्यांनी हात वर करा. उंच, अजून उंच, मागच्यांनीही. बाई, तुम्ही काही करू नका. हात आहेत तसेच मांडीवर असू द्या. मी पट्टा सोडतोय.

गेला बघा, सरळ गेला. बाई, सावकाश होऊ द्या. ताईंची गाडी थांबेल. मी तिकडे दाराशी उभा राहतो.