एक कोयता

माझ्या नाचाची खरी पारख बीडातच झाली बे. पुण्यात मी ऊसतोडीवर आधुनिक नाच बसवला, नाव 'एक कोयता'. तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात, हे तिथं दरवेळी समजावून सांगावं लागायचं. बीडला कावून सांगायचं? लई खुशीत गेलतो. मी अन् बायको जीव तोडून नाचलो. पाहुणे म्हणून आलेले पुढारी तोडणीला टोळ्या धाडणारे मुकादमच, ते माइकवर म्हणाले, "कोयता लई चपळ हाय! यंदा धाडा की आमच्या टोळीत."

सगळे खदखदून हसले. मी बी हसलो, काय करणार! पहिल्या रांगेतली माझी आई मात्र हात जोडून उभी राहिली.

"मालक, आमी म्हातारा-म्हातारी येतो. पोरायला राहू द्या."